कोऱ्या कागदावरची पुरशिस

तालुक्याच्या कोर्टात वकिलाला खोली नसते, टेबल असतं. आमचं टेबल मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये होतं आणि ते दोघांचं होतं, माझं आणि चाकूरकडच्या एका वकिलाचं. लातूरला लॉ कॉलेजात तो माझ्या दोन वर्षं पुढं होता. मी त्याला भाऊ म्हणायची, तो मला ताई. समोर मी कायम अहो-जाहोच केलं. आता लिहिताना ‘तो’ येतंय, तर येऊ द्यावं.

चौदा वर्षं आम्ही त्या टेबलावर काढली. वकीलपत्रावर दोघांची नावं असायची. मी गावाला गेले की माझ्या तारखा तो चालवायचा, त्याची आई आजारी होती तेव्हा सगळा हिवाळा मी त्याच्या चालवल्या. कपाट एक आणि किल्ल्या दोन. कोणती फाइल कुणाची, हे आमच्या दोघांशिवाय कुणाला सांगता आलं नसतं.

टाळेबंदी लागली आणि आमचं काम एका आठवड्यात ओळखू न येण्यासारखं झालं. तातडीची प्रकरणं तेवढी चालायची. गेटजवळ एक लोखंडी पेटी ठेवली होती, अर्ज तिच्यात टाकायचा. तो दिवसभर तसाच पडून राहायचा, मग दुसऱ्या दिवशी कारकून हातमोजे घालून उचलायचा. बाररूमला कुलूप. आमच्या शेडमधला एक वकील घरासमोर टेम्पो लावून टरबुजं विकायला लागला, आणि त्याला कुणी हसलं नाही. मी स्वयंपाकघरात मसाल्याच्या डब्याला मोबाइल टेकवून युक्तिवाद करायची. कोर्टात उभं राहिलं की जज्जसाहेबांच्या चेहऱ्यावरून कळतं, कुठं थांबायचं ते. मोबाइलवर त्यांचं नुसतं कपाळ दिसायचं. मी बोलत राहायची आणि मध्येच कळायचं, आवाज केव्हाचाच गेलाय.

भाऊला मात्र हे पटकन जमलं. त्यानं घरी चांगलं इंटरनेट घेतलं, लॅपटॉप घेतला, मागं पुस्तकांचं कपाट दिसेल अशी खुर्ची मांडली. अर्धे वकील त्याच्या बैठकीत येऊन सुनावण्या करायचे. मीही जायची. वहिनी दारात सॅनिटायझरची बाटली घेऊन उभ्या असायच्या.

त्या दिवसांत माझ्याकडं एका विधवा बाईंचा दावा होता. जुन्या बाजारात त्यांचं गाद्या-रजया भरायचं दुकान होतं, सासऱ्यांच्या काळापासून भाड्यानं घेतलेलं. मालकाला ती जागा पाडून मोठी इमारत बांधायची होती. मी मनाईचा दावा लावून ‘जैसे थे’चा हुकूम मिळवला होता. टाळेबंदीत त्या कंधारला लेकीकडं निघाल्या. पुन्हा केव्हा येता येईल ते कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून जायच्या आधी मी त्यांचे तीन कोऱ्या कागदांवर अंगठे घेतले. मध्येच एखादा अर्ज द्यावा लागला तर अडायला नको म्हणून.

“याच्यावर काय लिवणार, बाई?” त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, “तुमच्या फायद्याचं असंल तेवढंच.”

त्यांनी हिजाबाच्या टोकानं अंगठ्याची शाई पुसली आणि पास काढून ठरवलेल्या जीपमध्ये जाऊन बसल्या. कागद मी फाइलला लावून कपाटात ठेवले. असे कागद आमच्याकडं सगळेच वकील घेतात. हे मी तेव्हाही स्वतःला सांगितलं होतं.

दुसऱ्या लाटेत मला कोरोनानं धरलं. ऑक्सिजन खाली यायला लागला आणि लातूरला कुठंच बेड मिळेना. भाऊनं दुपारभर फोन लावले आणि नांदेडला एका दवाखान्यात बेड मिळवला. अँब्युलन्सच्या मागं स्वतःची गाडी घेऊन तो नांदेडपर्यंत आला. माझ्या मिस्टरांसोबत दोन दिवस दवाखान्यासमोरच्या फुटपाथवर बसून होता. अकरा दिवस मी ऑक्सिजनवर होते. तो रोज फोन करायचा आणि मिस्टरांना सांगायचा, ताईंच्या तारखांची काळजी करू नका, सगळं मी बघून राहिलो. हे खोटं नव्हतं. तो खरंच बघत होता.

घरी आल्यावर महिनाभर मला जिना चढता येत नव्हता. मग कोर्ट अर्धं सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी गेटजवळ एक बाई उभ्या दिसल्या. तोंडाला रुमाल होता, मला ओळख पटली नाही. त्यांनी रुमाल खाली घेतला. गाद्यावाल्या बाई. दुकानाचं कुलूप तोडलं होतं. कापूस पिंजायची मशीन रस्त्यावर काढून टाकली होती, पावसात भिजून तिचा पट्टा फुगला होता. मालकानं त्यांना कोर्टाचा कागद दाखवला होता.

“तुम्ही आमाला इकलं का, बाई?” त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. खरोखर विचारत होत्या.

आत जाऊन प्रकरणाचे कागद बघायला मागितले. दाव्याच्या शेवटी एक पुरशिस होती, म्हणजे पक्षकारानं कोर्टाला लेखी दिलेलं निवेदन. चार ओळींची. आमच्यात आपसात मिटलं आहे, दावा पुढं चालवायचा नाही, दुकानाचा ताबा सोडत आहे. खाली त्यांचा अंगठा. बाजूला ओळख पटवणारी वकिलाची सही, भाऊची. सुनावणी व्हिडिओवर झाली होती. साहेबांनी विचारलं होतं, पक्षकार कुठं आहेत? पक्षकार कंधारला अडकल्यात, तिथं नेटवर्क नाही, पण त्यांची संमती आहे, असं त्यानं सांगितल्याचं लिहिलेलं होतं. तारीख बघितली. त्या दिवशी मी नांदेडला तोंडाला मास्क लावून पालथी पडलेली होते.

मी थेट त्याच्या घरी गेले. तो बैठकीतच होता. त्यानं नाकारलं नाही. मालकाची बाकीची सगळी प्रकरणं आता त्याच्याकडं आली होती, तेही त्यानंच सांगितलं. नवीन काम येत नव्हतं, कोर्ट केव्हा उघडंल याचा भरवसा नव्हता, बाईंना तसंही एक दिवस दुकान सोडावंच लागलं असतं. तो एकेक मुद्दा मांडत होता, आम्ही युक्तिवादाची तयारी करायचो तसा. मी विचारलं, मला एक फोन करता आला नाही का? आजारातून उठल्यावर तरी सांगायचं होतं.

त्यानं लॅपटॉप मिटला. मग म्हणाला, “ताई, मला वाटलं, तुम्ही परत येत न्हाई.”

त्या वाक्यानंतर मी उठले. वहिनींनी चहा आणला होता, तो तसाच राहिला. मला वाचवायला तो धावला होता, यात शंका नव्हती. आणि धावता धावता त्यानं मला मेलेलं धरूनही टाकलं होतं. माझ्या मागं काय काय त्याच्या हाती येईल, याचा विचार त्यानं नांदेडच्या त्या फुटपाथवर केला असेल का? हे मला आजही कळत नाही. विचारायची इच्छाही नाही.

वकील संघातले दोन ज्येष्ठ घरी आले. हे वकील परिषदेकडं लेखी नेऊ नका म्हणाले. एक जण हळूच म्हणाला, कोरे कागद कुणी घेतले होते, हेही विचारलं जाईल. त्याचं बरोबर होतं. मिस्टर म्हणाले, भाऊनं बेड मिळवून दिला नसता तर? मला त्यांचा राग आला आणि त्यांचं खोटं आहे असंही म्हणता आलं नाही.

तोवर बाईंनी उदगीरचा वकील केला होता. फसवणुकीनं काढून घेतलेला दावा पुन्हा चालवावा, असा अर्ज त्यानं दिला. मी माझं शपथपत्र स्वतः लिहिलं आणि त्याच्याकडं नेऊन दिलं. अंगठे मी घेतले, कागद कोरे होते, फाइल माझ्या कपाटात होती, किल्ली दोघांकडं होती. काही गाळलं नाही.

माझी साक्ष प्रत्यक्ष कोर्टात झाली, मास्क लावून. मालकाच्या वकिलानं उलटतपासणी घेतली. कोऱ्या कागदावर अंगठे घेतले का? हो. पक्षकाराला वाचून दाखवलं का? वाचायला काही नव्हतंच. दुसऱ्या पक्षकारांचेही असे घेतले का? हो. शेडमधले सगळे वकील दाराशी उभे होते, आणि त्यातल्या निम्म्यांच्या कपाटात असे कागद होते. भाऊ आला नव्हता.

अर्ज मंजूर झाला. दावा पुन्हा बोर्डावर आला आणि दुकानाचा ताबा बाईंना परत मिळाला. हुकुमात माझ्याबद्दलही दोन ओळी होत्या, बेजबाबदार वर्तनाच्या. त्या मी घरी येऊन मिस्टरांना वाचून दाखवल्या. भाऊविरुद्धची तक्रार वकील परिषदेकडं आहे. तो लातूरला गेला, तिथूनच व्हिडिओवर आमच्या कोर्टात हजर होतो. एकदा माझ्या प्रकरणाच्या आधी त्याचं प्रकरण निघालं. मी मागच्या बाकावर बसून त्याचा आवाज ऐकला. चांगला बोलतो अजून.

मध्यंतरी मी त्या दुकानात गेले. बाई कापसाच्या ढिगाजवळ बसून उशीला टाके घालत होत्या. त्यांनी स्टूल पुढं केलं, पाणी दिलं. तब्येत विचारली. मग सुई न थांबवता म्हणाल्या, “तुम्ही कोर्टात खरं बोलल्या, ते मला समजलं. पण काम आता उदगीरवाल्याकडंच ठेवते.”

मी म्हणाले, तसंच करा. अडीचला माझी तारीख होती. पाणी पिऊन मी निघाले.