ज्याची गोष्ट, आधी त्याला

लिहिणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण लिहिताना ज्याच्याकडं बघून छातीत धस्स व्हायचं असा एकच. त्याला आम्ही सगळे ‘लेखक’च म्हणायचो. तोंडावरसुद्धा. “ओ लेखक, चहाचे पैसे कोण देणार?” असं.

औरंगाबादेत, चिकलठाण्याच्या एकाच कारखान्यात होतो आम्ही. तो स्टोअरला, मी पत्रा दाबायच्या प्रेसवर. माझा बाप कन्नडकडच्या डोंगरात मेंढरं राखायचा आणि याच्या घरी त्याच तालुक्यात बागायत. गावात असतो तर त्याच्या ओसरीवर मी अंग चोरून उभा राहिलो असतो. इथं कँटीनमध्ये एकमेकांच्या डब्यात हात घालायचो. कारखाने आले, त्यानं एवढं तरी झालं.

हा बाबा सकाळच्या पाळीत माल मोजता मोजता कविता करायचा. कंपनीच्या बसमध्ये गुडघ्यावर वही ठेवून कादंबरी. आणि संध्याकाळी आमच्यासारख्या थकल्याभागल्यांकडून नाटक बसवून घ्यायचा. पुढं मुंबईनं बोलावलं, सिनेमाच्या पटकथा लिहायला लागला, नोकरी सुटली, नाव झालं. लोक मला विचारतात, एका माणसाला हे सगळं जमतं कसं हो? मला काय ठाऊक! इतकी वर्षं त्याच्या शेजारी बसून मला कळलं नाही, तुम्हाला काय सांगू?

पण त्याची एक खोड होती, आणि तिच्यापायी आम्ही सगळे मेटाकुटीला यायचो. ज्याची गोष्ट लिहिली, ती आधी त्याला वाचून दाखवायची. समोर बसवून, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. त्यानं नको म्हटलं की विषय संपला. आमची बसवलेली, नारळ फोडलेली एक एकांकिका एका म्हाताऱ्यानं नुसती मान हलवली म्हणून या गड्यानं बंद केली होती. मी तेव्हा आठवडाभर त्याच्याशी बोललो नाही. मुंबईत गेल्यावरही ही खोड सुटली नाही. एक निर्माता म्हणे त्याच्यावर फाइल फेकून ओरडला होता. यानं ती उचलली आणि गेला वाचून दाखवायला.

आता एका नाटकाचं सांगतो. विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा पेटला, तेव्हा त्याच्या गावातली दलित वस्तीही जाळली होती. वस्तीतली एक बाई लेकरांना घेऊन याच्या घराकडं पळत आली. बाळंतपणापासून पेरणीपर्यंत त्या घरात राबलेली बाई. याच्या थोरल्या भावानं, दादांनी, तिच्या तोंडावर दार लावून घेतलं. लेखक त्या दिवशी इथं, शहरात, कामावर. वडील लवकर गेलेले, याला शिकवलं, कपडालत्ता केला तो ह्याच भावानं. ती बाई लेकरांना घेऊन औरंगाबादेत आली आणि पडेगावला राहायला लागली. आणि दोघा भावांनी त्या दाराबद्दल कधी तोंडातून ब्र काढला नाही.

बऱ्याच वर्षांनी, मुंबईचं बोलावणं यायच्या आधी, लेखकानं त्या दारावर नाटक लिहिलं. थोरल्या भावाची भूमिका मला. काय भूमिका होती, महाराजा! दार लावल्यावर तो आतून कडी हातात धरून बोलतो. जमावाला भ्यालो, माझंही घर जाळतील म्हणून भ्यालो, माफ कर गं बाई. हे भाषण मी तालमीत केलं की आमच्या पेटीवाल्याच्या डोळ्यांना पाणी यायचं. राज्य स्पर्धेची तारीख लागली होती, आणि असली भूमिका मला जन्मात परत मिळणार नव्हती.

तर हा आधी पडेगावला गेला. त्या बाईला वाचून दाखवलं. मीही होतो. तिनं पदर तोंडाशी धरून सगळं ऐकलं आणि म्हणाली, “माझं बराबर हाय. दादांचं दादांना इचारा.”

बाहेर आल्यावर मी पेटलो. “अरे, डोकं फिरलंय का तुझं? तो नाही म्हणणार. नाटकही जाईल आन भाऊही जाईल!”

“जाईल,” तो म्हणाला. रडवेला झाला होता, पण एस.टी.त बसला. मग मीही बसलो, काय करतो!

कन्नडला उतरून जीपनं गावात गेलो. वहिनींनी चहा दिला. दादा बाजेवर बसले, आम्ही खाली घोंगडीवर. लेखकानं वाचायला सुरुवात केली. सगळ्यांचे आवाज तोच काढायचा. दारापाशी आला, पण थांबला नाही. मी आपला दादांच्या तोंडाकडं बघतोय. तोंडावर काही म्हणजे काही नाही.

वाचन संपलं. दादांनी कपबशी बाजूला सारली. मग म्हणाले, “खोटं हाय हे.”

झालं! मी मनातल्या मनात नाटकाला हार घातला.

“कुठलं, दादा?”

“मी भ्यालो म्हणून लिव्हलंस. मी नव्हतो भ्यालो. दार लावलं तवा माझ्या मनात आलं, बरं झालं, लई मातले होते. हे लिही.”

“दादा, नको.”

“नको काय? तुझा जीव हाय माझ्यावर म्हणून मला भित्रा केलंस व्हय? असं लिहिणार असशील तर कर नाटक. नायतर राहू दे.”

लेखकाच्या हातातला पेन काही केल्या चालेना. दादांनी ते वाक्य पुन्हा सांगितलं, हळू, शाळेत शुद्धलेखन घालतात तसं. तेव्हा कुठं त्यानं लिहिलं. डोळ्यांतलं पाणी कागदावर पडत होतं आणि तो लिहीत होता. त्या ओसरीवर मला कळेना, नमस्कार करायचा तर या दोघांतल्या कुणाला करायचा. आजही कळत नाही.

माझं भाषण मात्र गेलं. सगळं. त्या जागी ते एवढंसं वाक्य. आणि ते माझ्या तोंडातून निघेना. प्रेसवर माझ्या शेजारी काम करणारा माझा जोडीदार तशाच एका जळलेल्या वस्तीतला. तालमीला येऊन बसायचा. त्याच्यासमोर हे कसं म्हणायचं? लेखकाशी भांडलो, भूमिका सोडतो म्हणालो, सोडली काही नाही.

प्रयोगाच्या दिवशी दादा आणि वहिनी पुढच्या रांगेत बसले. पडेगावहून ती बाई आली होती, आपल्या लेकरांसुनांना घेऊन. लेखक त्यांना पुढं बसा म्हणाला, तर ती अगदी शेवटच्या रांगेत जाऊन बसली. तिसरी घंटा झाली. दाराचा प्रवेश आला, मी कडी लावली, वाक्य म्हटलं. पुढं नाटक कसं पार पडलं मला आठवत नाही.

पडदा पडला आणि दादा रंगमंचावर आले. लेखक पायाशी वाकला, तर त्यांनी त्याला दंडाला धरून उभं केलं. मग माझ्याकडं वळले. मी त्यांच्यासारखीच टोपी घातलेला, त्यांच्यासारखंच धोतर नेसलेला. कुठं तोंड लपवावं असं झालं मला.

“पाव्हणं, वाक्य गिळलं तुम्ही.”

“लई जड जातं, दादा.”

“जाणारच की. पण मागं बसलेल्यांना ऐकू गेलं नाय.” त्यांनी पडद्याच्या फटीतून सभागृहात पाहिलं. माणसं उठून चालली होती. ती बाई शेवटच्या रांगेत तशीच बसून होती.

“थांबा,” दादा म्हणाले, “मी सांगून येतो.” आणि पडदा बाजूला सारून, पायऱ्या उतरून ते तिच्याकडं चालायला लागले.