शिंप्यानं काढलेलं माझं तोंड

आमच्या ह्यांनी चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले आणि आता लोकांची तोंडं काढायला घेतलीत. दुकान थोरल्या मुलाच्या हाती दिल्यावर माणसानं स्वस्थ बसावं की नाही? नाव नको. कोळशाच्या कांड्यांनी टॉवेल काळे, दाराच्या कड्या काळ्या, आणि खोडायला म्हणे पावच लागतो. मी चहाला बसते तर पावातला मऊ भाग गायब, माझ्या वाट्याला नुसत्या कडा.

बरं, हात छान आहे, खोटं कशाला बोलू. पण काढलेला चेहरा ज्याचा त्याचा वाटेल तर शपथ. दिसतं तसं काढा, असं सांगून चित्रकलेच्या क्लासचे सर थकले. पण शेवटी शिंपीच. ज्याचा खांदा उतरलेला त्याच्या कोटात गादी घालायची, पोट सुटलेलं असेल तर शिवण अशी फिरवायची की कळू नये, हेच जन्मभर केलं. तीच खोड कागदावर. धाकट्या दिरांचे पुढे आलेले दात यांनी परस्पर आत ढकलले. दीर म्हणाले, छान आहे, पण हा कोण?

आता रविवारी क्लासचं प्रदर्शन. घरातलंच माणूस काढून आणा, ओळखू आलं तरच भिंतीवर लावीन, असं सरांनी बजावलेलं. म्हणजे बळीचा बकरा मीच.

दोन वर्षांपूर्वी माझ्या तोंडावरून वारं गेलं. ओठ डावीकडे ओढला गेला, उजवा डोळा पुरता मिटत नाही. तेव्हापासून हे जेवायला बसतात ते माझ्या डाव्या हाताला, धड बाजूला. समोर यायची वेळ आली तर भिंतीकडे बघून बोलतात. मला काय कळत नाही?

तीन दिवस मान आखडेपर्यंत बसवलं. टेप आणून कपाळ मोजलं, हनुवटी मोजली. आणि कागदावर कोण, तर सरळ ओठांची कुणी गुळगुळीत बाई. लग्नातसुद्धा मी इतकी बरी दिसत नव्हते. माझं डोकंच फिरलं.

"ही कोण बया?" मी विचारलं.

"तुला वाईट वाटेल म्हणून जरा..."

"मी रोज आरशात बघते. बघवत नाही ते तुम्हाला."

यांनी पावाचा गोळा घेऊन त्या बाईचं तोंड पुसून टाकलं, स्टूल उचललं आणि माझ्या उजव्या बाजूला येऊन बसले. दोन वर्षांत पहिल्यांदा. मग दुपारभर बघत राहिले, इतके की मलाच कसंतरी व्हायला लागलं.

संध्याकाळी कागद दाखवला. ओढलेला ओठ, उघडा राहिलेला डोळा, लोंबलेला गाल. मीच होते. आधी रागच आला, इतकं हुबेहूब काढायची काय गरज होती? माझा चेहरा बघून त्यांनी घाईघाईनं पावाचा तुकडा उचलला.

"राहू दे," म्हटलं. तो काळा झालेला तुकडा त्यांच्या हातातून घेतला आणि खाऊन टाकला.