दगडाखाली न पाहता

मी भूमापनाच्या कामात सत्तावीस वर्षं काढली. त्यातली शेवटची काही वर्षं मला जिल्ह्यात हुशार माणूस म्हणून ओळखत. हे मी फुशारकीने लिहीत नाही. ही गोष्ट सांगायची तर त्या हुशारीबद्दल आधी सांगावंच लागतं, कारण तिच्याशिवाय हे घडलं नसतं.

उपग्रहावरून जागा दाखवणारं मोजणीचं यंत्र, ज्याला आम्ही रोव्हर म्हणतो, ते आमच्याकडे आलं तेव्हा बरेच जण त्याला बिचकत होते. मी आठ दिवसांत शिकलो. जुने नकाशे त्यावर कसे बसवायचे, चूक कुठे धरायची, हे मी वरिष्ठांनाही समजावून सांगू लागलो. मग जालन्याच्या कार्यालयात इतर मोजणीदारांना शिकवायचं काम माझ्याकडेच आलं. एक अडचण आली की लोक मला फोन करत, आणि मी फोनवरच उत्तर सांगून टाकत असे. समोरच्याचं बोलणं पूर्ण व्हायच्या आत. त्याचं मला कौतुक वाटायचं.

शहरात मोजणीदाराला कोणी विचारत नाही. गावात मात्र त्याची एक सही बांध इकडचा तिकडे करते. शेतकरी आम्हाला खुर्ची आणून देतात, उन्हात छत्री धरतात, आणि आम्ही चुकलो तरी पटकन बोलत नाहीत. या सत्तेची सवय कधी लागली ते मला कळलं नाही.

राजूरच्या रस्त्यावर एका गावात मोजणीचा अर्ज होता. अर्जदार चाळिशीतला, जालन्याला कारखान्यात नोकरी करून नुकताच शेतीकडे परतलेला. लगतची जमीन त्याच्या चुलत भावजयीची. बाई साठीच्या पुढची, नवरा वारलेला, मुलगी सासरी. सगळी शेती स्वतः पाहणारी. गावात तिला सगळे अक्का म्हणायचे. तिची मोसंबीची बाग होती, सव्वाशेच्या आसपास झाडं, रोपं बदनापूरहून आणून लावलेली. बागेच्या कडेला, रस्त्याजवळ, विहीर. विहिरीपासून चुलत दिराची हद्द जेमतेम चार-पाच फूट. वाद तसा मोठा नव्हता. दिराला आपलं क्षेत्र नेमकं किती ते हवं होतं, एवढंच.

मोजणीला पंधरा-वीस माणसं जमली. मी दोन शिकाऊ मोजणीदार सोबत नेले होते. काम सोपं होतं, त्यांना दाखवायला बरं. रस्त्याच्या कडेला दोन्ही जमिनींमधला हद्दीचा दगड उभा होता. तो धरला, लांबच्या टोकाचा दुसरा धरला, आणि जुना नकाशा बसवला. दोन्ही ठिकाणी तंतोतंत. नाल्याच्या काठचा तिसरा दगड मात्र सहा-सात फुटांनी चुकत होता.

इथे थांबायला हवं होतं. शिकाऊंपैकी एकाने विचारलंही की तिसरा का जुळत नाही. मी लगेच उत्तर दिलं. साखळीने मोजायचे तेव्हा साखळीला झोळ पडायचा, नाल्याचा काठ दर पावसाळ्यात खचतो, काठचा दगड कधीच भरवशाचा नसतो. ही तिन्ही कारणं इतर ठिकाणी खरी असतात. म्हणूनच ती इतकी सहज सुचली. माझ्याहून कमी हुशार माणूस तिथे अडला असता, त्याने डोकं खाजवलं असतं आणि कदाचित दोन माणसांना विचारलं असतं. माझ्याकडे कारण तयार होतं.

नव्या हद्दीने विहीर दिराच्या बाजूला जात होती. मी तिथे चुन्याची रेघ मारायला सांगितली.

तेव्हा अक्का पुढे आली. तोवर ती एका कडेला उभी होती. म्हणाली, "साहेब, त्यो रस्त्याचा दगड मूळ जागी न्हाई. रस्त्याचं काम झालं तवा नाली खोदणाऱ्यांनी उपटून टाकल्ता, अन काम झाल्यावर अंदाजानं रोवला. आमच्या अंगाला सरकून. मी जेवण घेऊन येत व्हते, बघितलंय मी."

दिराला विचारलं. तो तेव्हा जालन्याला होता, त्याला काही माहीत नव्हतं. तो खोटं बोलत नव्हता.

"मंग खणा की," अक्का म्हणाली. "खऱ्या दगडाखाली कोळसा असतो. हात-दोन हात खाली. कोळसा निघाला तर तुमचं बराबर, मी घरला जाते."

ही रीत मला माहीत होती. जुन्या काळी हद्दीचा दगड रोवताना खाली कोळसा आणि फुटकी खापरं पुरत. दगड चोरीला जातो, लाकूड कुजतं, कोळसा मातीत तसाच राहतो. नोकरीच्या सुरुवातीला एका म्हाताऱ्या शिपायाने मला असा कोळसा काढून दाखवलाही होता. खणायला दहा-पंधरा मिनिटं लागली असती. पहार गाडीतच होती.

पण शिकाऊ माझ्याकडे पाहत होते. आदल्या आठवड्यातच मी त्यांना सांगितलं होतं की आता साक्षी-पुरावे, म्हाताऱ्यांच्या आठवणी हे सगळं संपलं. मी म्हणालो, "मावशी, हे यंत्र वर आभाळाकडं पाहतं. खाली कोळशाकडं पाहायला चुलीपुढच्या बाया आहेत."

लोक हसले. शिकाऊ हसले. दीरही हसला आणि मग ओशाळून जमिनीकडे पाहू लागला.

अक्का म्हणाली, "चुलीतलाच हाय त्यो. मोजणीवाल्यानं आमच्याच घरच्या चुलीतला नेल्ता म्हणं, माझ्या आजेसासऱ्याच्या टायमाला."

लोक पुन्हा हसले, या वेळी तिच्या बाजूने. माझ्यासोबतच्या शिपायाने, जो माझ्याहून वयाने मोठा होता, हळूच पहारीला हात घातला आणि म्हणाला, "साहेब, पाहू का जल्दी?" मी त्याला नको म्हणालो. खरं सांगायचं तर तो विनोद केला नसता तर मी खणू दिलं असतं. विनोद केल्यावर खणणं म्हणजे माघार, आणि ती पंधरा-वीस माणसांसमोर. बाकी कारण काही नव्हतं. इतक्या वर्षांत मी याहून मोठं कारण शोधून पाहिलं. सापडलं नाही.

वर मी एक गोष्ट आणखी केली. तिने विचारलं की मान्य नसेल तर काय करायचं. मी नियमाप्रमाणे सांगितलं की वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी मागता येते, तिला निमताना म्हणतात. आणि पुढे, विचारलेलं नसताना, म्हणालो, "पण तेही हेच यंत्र आणतील. ते चालवायला त्यांना मीच शिकवलंय." तिने अर्ज केला नाही. मी तिच्या जागी असतो तर मीही केला नसता.

नकाशावर सही करून मी निघालो.

पुढे काय झालं ते मला तुकड्यांनी कळत गेलं, कारण भोकरदनच्या कामांसाठी मी त्याच रस्त्याने जात असे. पहिला उन्हाळा दिराने तिला पाणी घेऊ दिलं. मग त्याने स्वतः भाजीपाला केला, मोटर बदलली, विहिरीभोवती तार ओढली. त्यात त्याचा दोष धरता येत नाही. नकाशाने विहीर त्याची होती.

वर्षभराने पावसाळ्याच्या तोंडाला मी नाल्यापलीकडच्या एका गटाची मोजणी तपासत होतो. दुसऱ्याने केलेलं काम, नुसते आकडे पाहायचे होते. त्यात तोच नाल्याकाठचा दगड होता, आणि तो इतर तीन दगडांशी इंचभर फरकाने जुळत होता. म्हणजे ज्या दगडाला मी बेभरवशाचा ठरवलं तो जागेवर होता आणि ज्यावर भरवसा ठेवला तो हललेला होता. हे कळायला मला एक मिनिट लागलं. तेवढी हुशारी माझ्यात होतीच.

रविवारी सकाळी मी एकटा गेलो. पहार आणि खुरपं घेऊन. रस्त्याच्या दगडाजवळ खणलं, हात-दोन हात खाली नुसती काळी माती. मग नाल्याच्या दगडावरून हिशेब करून जागा काढली, सात फूट पलीकडे, आणि तिथे खणलं. खापराचे तीन तुकडे निघाले आणि त्यांच्याखाली कोळसा. हाताला लागला तेव्हा बोटं काळी झाली. मी तो परत ठेवला, माती लोटली, वर पाय देऊन दाबली. आजूबाजूला कोणी नव्हतं. बाग तेव्हा हिरवी होती. थोडी मलूल, पण हिरवी.

इथून पुढचं मी कोणाला नीट सांगितलेलं नाही.

मी कार्यालयात काही बोललो नाही. त्या वर्षी बढतीची यादी लागायची होती आणि माझं नाव वर होतं. चुकीच्या मोजणीची कबुली म्हणजे चौकशी, आणि चौकशी चालू असताना बढती मिळत नाही. मी मनाशी ठरवलं की यादी लागली की लगेच सांगायचं. महिना-दोन महिन्यांचा प्रश्न. यादी लागायला अकरा महिने गेले.

त्या अकरा महिन्यांत मी त्या रस्त्याने अनेकदा गेलो. आधी शेंड्याकडची पानं वळली. फळं लिंबाएवढी राहून गळाली. फाल्गुनात एकदा बागेत पाण्याचा टँकर उभा दिसला, चैत्रात पुन्हा एकदा, मग दिसला नाही. वैशाखात झाडं तोडून बांधावर रचलेली होती. मी गाडी थांबवली नाही. थांबवून काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. याही वेळी माझ्याकडे कारणं होती: खालचं पाणीच गेलंय, विहीर असती तरी बाग वाचली नसती. दिराची भाजी त्याच विहिरीवर उभी होती.

बढतीचा आदेश आल्यावर पंधरा दिवसांनी मी अक्काच्या घरी गेलो. दुपारची वेळ होती. ती अंगणात तुरी निवडत होती. तिने मला ओळखलं, पाट दिला, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. दगड, नाला, रविवार, कोळसा. तिने मध्ये एकदाही थांबवलं नाही. सूप मात्र हातातून खाली ठेवलं.

मग तिने एकच प्रश्न विचारला. "कवा खणलं तुमी?"

मी खोटं बोलू शकलो असतो. गेल्या आठवड्यात म्हणालो असतो तर तिला कळायचं काही कारण नव्हतं. मी म्हणालो, "गेल्या वर्षी. ज्येष्ठात."

"म्हंजे झाडं जित्ती व्हती तवा," ती म्हणाली.

मी हो म्हणालो.

"मला वाटायचं, साहेबाला समजलंच न्हाई. समजत न्हाई त्याला काय बोलावं, म्हणून मी गप्प बसले." एवढं बोलून तिने पुन्हा सूप उचललं. मला शिव्यांची अपेक्षा होती आणि, लाज वाटते सांगायला, काहीशी इच्छाही. शिव्या मिळाल्या असत्या तर हलकं वाटलं असतं. तिने त्या दिल्या नाहीत. निमतान्याला काय कागद लागतात, तेवढं विचारलं.

अर्ज मी तिथेच बसून लिहिला. उशीर माफ व्हावा म्हणून मोजणी माझ्या हातून चुकल्याचं माझं निवेदन जोडलं. कोळसा कधी पाहिला तेही त्यात लिहिलं. वरिष्ठांनी बोलावून विचारलं की तारीख लिहायची काय गरज होती. पुढे खात्याची नोटीस आली, खुलासा दिला, ताकीद देऊन प्रकरण मिटलं. बढती कायम राहिली. एक साहेब तर म्हणाले की एवढा हुशार माणूस खात्याला गमवायचा नाही. ते चांगल्या भावनेने म्हणाले होते. मला ते ऐकवेना.

निमताना झाला, दोन्ही जागी खणून पाहिलं गेलं, हद्द सात फूट मागे गेली. विहीर अक्काकडे आली. दिराने कुरकुर केली, पण तार स्वतःच काढली. भावजयीला म्हणाला, "वयनी, मला ठाव असतं तर मी पाणी तोडलं नसतं." ती म्हणाली, "तुमाला ठावं नव्हतं, भावजी. तुमचं काय न्हाई." मी तिथेच उभा होतो.

आता हरकतींच्या सुनावणीला मी खुर्चीत असतो. लोक बोलतात ते शेवटपर्यंत ऐकतो. काही जण म्हणतात, साहेब नम्र आहेत. मला तसं वाटत नाही. माझ्या डोक्यात अजूनही समोरच्याचं वाक्य संपायच्या आत उत्तर तयार होतं, आणि ते बहुधा बरोबर असतं. मी फक्त ते तोंडात धरून ठेवतो. नम्र माणसाला असं धरून ठेवावं लागत नसणार.

विहीर परत मिळाल्यावर त्या पावसाळ्यात मी एकदा तिच्या शेतावर गेलो होतो. बागेच्या जागी तिने तूर आणि थोडी मिरची लावली होती. मोटर सुरू करून ती पाटाला मातीची दारं धरून पाणी फिरवत होती. मी म्हणालो की मावशी, मोसंबी पुन्हा लावा, बदनापूरहून रोपं मी आणून देतो, खड्डेही घेऊन देतो.

तिने फावड्याने एक दार बंद केलं, दुसरं उघडलं. पाणी मिरचीकडे वळलं.

"मोसंबी धरायला पाच-सहा वर्सं लागत्यात, साहेब," ती म्हणाली. "तुमी हिशेबाला पक्के. लावा हिशेब."

हिशेब लावायची गरज नव्हती. तिचा अर्ज मीच लिहिला होता, आणि त्यात नावापुढे, तिला विचारून, माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: वय वर्षे अडुसष्ट.