ग्रहणाची तालीम

आमच्या शिरपूरचे भूगोलाचे सर कुणाचं वय वर्षांत सांगत नसत. "मागच्या मोठ्या गिऱ्हानात तू दुसरीत होती," एवढ्यात माझी ओळख पूर्ण व्हायची. त्यांची बायको, आमच्या काकू, म्हणायच्या, "लेकीच्या लग्नाची तारीख इसरले, पन सूर्याचं सारं पाठ हाय."

मी इंग्रजी शाळेतली, म्हणून लहानपणी आईनं मला मराठीसाठी त्यांच्याकडे धाडलं. पहिल्याच दिवशी त्यांनी 'खंडग्रास'चा अर्थ विचारला. खंड म्हणजे आशिया, आफ्रिका हे मला ठाऊक होतं. पुढचा शब्द तर इंग्रजीच वाटला. मी हळूच म्हणाले, "आफ्रिकेतलं गवत." सर डोळ्यांत पाणी येईतो हसले. "अवं बाई, ग्रास म्हंजे घास." हिंदीत घास म्हणजे गवतच, तेव्हा मी बरोबर होते; तेही मी बोलून दाखवलं. त्या दिवसापासून मी बोलणं कमी केलं. घरचे त्याला माझा स्वभाव समजतात.

ग्रहणांचीही घराणी असतात, असं सर सांगत. एका घराण्यातलं ग्रहण अठरा वर्षं अकरा दिवसांनी परत येतं, तेही आठ तास उशिरा. मागचं सकाळी लागलं होतं. ढगांनी ते कुणालाच दिसू दिलं नाही. त्याच घराण्यातलं पुढचं येत्या ऑगस्टात, दुपार कलल्यावर, आपल्याकडे खंडग्रास दिसणार आहे. "लेट हाय, पन रद्द नाही," सर म्हणत. ऑगस्टात ढग नसतात का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मधल्या काळात काचबिंदूनं त्यांची नजर नेली. एकदा म्हणाले, "मले आता ते दिसनार नाही. तू पाहाजो अन् मले सांगजो." गावात बोलकी माणसं ढिगानं असताना निवड माझी झाली. तालीम म्हणून ते रोज मला मावळता सूर्य सांगायला लावत.

"मोठा आहे. लाल आहे."

"सूर्य पाहून राह्यली का टमाटर? कुठं बुडून राह्यला?"

"झाडामागे."

"झाडाले नाव नाही का?"

असेल. मला येत नसे. फोनमध्ये शोधेपर्यंत सूर्य बुडालेला असे.

गेल्या महिन्यात त्यांची मुलगी दोघांना अकोल्याला न्यायला आली. एसटीत सर खिडकीशी बसले. मी खाली गप्प उभी. "गिऱ्हानाच्या दिवशी फोन करजो," ते म्हणाले, "पन तवा अशीच मुकी राहशीन तर मी काय पाहू? चाल, आत्ता सांग. काय दिसते?"

मी सुरुवात केली. देवळाकडे निघालेले यात्रेकरू, त्यातल्या आजीच्या हातातली चप्पल. केळीवाल्याशी घासाघीस करणारा कंडक्टर. इंजिन सुरू झालं, तसा माझा आवाज चढला. सारा स्टँड माझ्याकडे पाहू लागला. खिडकीत सर कान पुढे करून बसलेले. गाडी वळणाआड गेली, तेव्हा मी रसवंतीच्या चाकाला बांधलेल्या घुंगरांवर आले होते. वाक्य अर्धं राहिलं होतं. मी ते तिथेच उभी राहून, मोठ्यानं, पूर्ण केलं.