पंकज सरचं वायरलेस

त्या दिवशी तिथं सुपडू आप्पा होते, म्हणजे मिरचीच्या गोदामाचे मालक. हापिसात टेबलावर बसणारी कल्पना होती. काट्यावरचा मापारी धनसिंग होता. मी होते, कौतिकबाई, झाडणारी. आणि पंकज सर होता. सर म्हणायचं हे त्यानंच पहिल्या दिवशी सांगितलं, म्हणून म्हणते. बाकी त्याचं काही मोठं मी बघितलं नाही.

हापिसात नेटवर्क बसवायला तो भादव्यात आला. झाडू जवळ आला की खुर्चीत बसल्या बसल्या दोन्ही पाय वर उचलायचा. डोळे मोबाईलात. झाडू गेला की पाय खाली. कोण झाडतंय ते कधी बघितलं नाही. म्हशीला सरक म्हटलं तर ती पण मान वळवून बघते.

आप्पाच्या आणि कल्पनाच्या टेबलाला त्यानं वायर लावली. काटा गोदामाच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथलं वजन कल्पनाच्या टेबलावर उमटलं तरच पावती निघणार होती. तिथल्या मशीनला वायर नको, हवेतून जाईल म्हणाला, आणि हापिसच्या भिंतीवर दोन शिंगांचा डबा ठोकला. धनसिंग बिचारा बोलायला गेला, "सर, माल येस तवय अठे..."

"तू वजन कर. हे तुझ्या डोक्याच्या बाहेरचं आहे."

हे त्याचं ठरलेलं. कल्पनाला तेच, मला तेच. गोदाम तेव्हा रिकामं होतं. मोबाईल घेऊन त्या टोकाला गेला, परत आला. "फुल रेंज, आप्पा." चहाचा कप जमिनीवर ठेवून निघून गेला. मी उचलला.

दसऱ्यानंतर ओली लाल मिरची सुरू झाली. गाडीचं वजन झालं की माल गोदामात ओततात आणि संध्याकाळी वाळवायला पथारीवर, म्हणजे उघड्या मैदानावर, नेतात. दुपारपर्यंत ढीग पत्र्याला टेकतो. तो टेकला की काट्याचं मशीन बंद. बाहेर गाड्यांची रांग. एक शेतकरी ओरडला, "आप्पा, आते गाडीमाच वाळाडू का मिरच्या?"

पंकज यायचा तो सकाळी. गोदाम रिकामं, मशीन चालू. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्यानं माझ्याकडं बोट केलं. "डब्याची वायर खालून जाते. बाईच्या झाडूनं ओढली जाते. सिस्टीम आहे ती, अंगण नाही."

मी म्हटलं, "मी हात बी नही लावा. ढीग वर चढस तवयच बंद पडस. ढीग गया का चालू व्हस."

तो हसला. "मावशी, मिरची काय नेटवर्क खाते का?" कल्पना पण हसली.

आप्पा माझ्याकडं न बघता म्हणाले, "कौतिकमाय, तू आते घर ऱ्हाय. बलावसू तवय ये."

मिरचीचे देठ खुडून खुडून माझी छाती गेली. डॉक्टरनं पथारीवर पाय ठेवू नको सांगितलं, तेव्हा आप्पानं झाडायला ठेवलं होतं. नवरा नाही, पोरगा वेगळा राहतो. झाडू गेला म्हणजे परत देठं, आणि देठं म्हणजे किती दिवस निघतील ते मला माहीत होतं. रडले नाही. मिरचीच्या हातानं डोळे पुसता येत नाहीत, रडायची सवय कधीच सुटली.

चौथ्या दिवशी भर दुपारी धनसिंग दारात. "चाल माय. तू नही तरी बंदच पडस. आप्पा बलाई ऱ्हायनात."

गेले. वर नावं सांगितली ते सगळे ढिगाजवळ उभे होते, पंकजलाही आप्पानं या वेळी दुपारीच बोलावलं होतं. आप्पा म्हणाले, "काय सांगत व्हती तू? परत सांग."

मी परत सांगितलं. पंकजनं तोंड उघडलं, आप्पानं हात वर केला आणि हमालांना हाक मारली. त्यांनी फावड्यानं ढीग दोन्ही बाजूंना सारला, डब्यापासून काट्यापर्यंत वाट केली. तिकडून धनसिंग ओरडला, "चालू व्हयनं!" पुढची गाडी त्या वाटेतच ओतली. परत बंद.

"सर," धनसिंग म्हणाला, "आते मिरचीलेच पासवर्ड इचारा."

पंकज म्हणाला, "ओल्या मालात पाणी असतं, सिग्नल अडतो. मी हे सांगणारच होतो."

कोणाला सांगणार होता? चार दिवस मी घरी बसले तेव्हा तोंडात काय धरलं होतं? त्याच दुपारी त्यानं पत्र्याखालच्या लोखंडावरून काट्यापर्यंत वायर नेली. शिडी मी धरली, दुसरं कोणी रिकामं नव्हतं. वरून म्हणाला, "नीट धर." बस. माफी वगैरे त्याच्या डोक्याच्या बाहेरची होती. उतरला, हात झटकले, गेला. आप्पा मला म्हणाले, "सकाय झाडाले ये." काटा त्यानंतर बंद पडला नाही.

पंकज परत दिसला नाही. सुरतेला दुकान टाकलंय म्हणतात, नावापुढं इंजिनियर लिहिलंय. लिहू दे.

हे वाचणाऱ्याला माझं एवढंच मागणं आहे. असा माणूस बोलवाल तर गोदाम भरलेलं असताना बोलवा. आणि काही बंद पडलं, तर झाडणारीला घरी पाठवायच्या आधी ती काय सांगते ते एकदा करून बघा.