अण्णा पोचेपर्यंत

आमच्या घरी कुणी गावाला निघालं की ते पोचल्याचं कळेपर्यंत केर काढायचा नाही. मागोमाग केर काढला तर गेलेलं माणूस पुन्हा या घरात येत नाही, असं आई म्हणे. कुंभकोणमहून शेजारच्या साक्कोट्टैला कुणी गेलं तर ही बंदी कॉफी होईपर्यंत टिके. पण अण्णा, माझा थोरला भाऊ, टोरांटोला नोकरीला गेला आणि घर दोन-दोन दिवस पारोसं राहू लागलं. मी चिडायचे. विमानात बसलेल्याचं नशीब माझ्या केरसुणीला कशाला बांधायचं?

यंदा आई अंथरुणाला खिळली म्हणून तो रजा काढून आला होता. निघायच्या दिवशी तिच्या उशाशी बसून त्यानं फोनवर बघितलं. चेन्नै ते टोरांटो, सरळ रेघेत तेरा हजार किलोमीटरच्या आसपास.

"ते नको. वेळ किती होतो, ते सांग," आई म्हणाली.

"दुबईला विमान बदलून, एक अख्खा दिवस."

ती माझ्याकडे वळली. "ऐकलीस कीं? तंवर केर काढूं नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं डोळे उघडले तेच, "पोंचला कीं?"

"दुबईहून निघाला. आता फोन लागायचा नाही."

"असूं दे." दोन चमचे कॉफी तिनं घेतली. तोंड पुसायला पंचा घेऊन मी परत आले, तोवर ती गेली होती.

माणसं जमली. काकांनी विचारलं, "अण्णाला यायला किती वेळ?" काय सांगणार? तो अजून तिकडेच चालला होता. आधी पोचणार, मग तेवढंच सगळं उलटं कापणार. इथे आई निजलेली आणि त्याचं विमान त्याला तिच्यापासून आणखी लांब नेत होतं. त्या विमानाचा मला भयंकर राग आला. काका थांबायला तयार नव्हते. दुपारी अग्नी त्यांनीच दिला.

आईला बाहेर काढल्याबरोबर आत्यानं केरसुणी उचलली. मी तिचा हात धरला.

"अण्णा पोंचूं दे, आत्या."

"वेडी कीं काय तूं? गेलेल्यांनी घुटमळूं नये म्हणूनच झाडतात."

म्हणजे आईला वाटेला लावायचं तर त्याच केरसुणीनं अण्णालाही लावायचं. हे मला कुणाला सांगता येईना. आत्यानं माझा हात सोडवला, खाटेखालचा दोन दिवसांचा केर ओढून काढला आणि वर बादल्या ओतल्या. मी उंबऱ्याशी बसून हमसाहमशी रडले. सगळ्यांना वाटलं, आईसाठी.

दिवेलागणीला फोन वाजला. अण्णाचा निरोप होता: "सुखरूप पोचलो. आईला सांग, आता केर काढा म्हणावं."

फरशी अजून ओली होती.