तोडलेल्या वायरीवरची टेप

ती घटना आठवली की आजही माझी छाती थोडी फुगते, हे आधीच कबूल करतो.

तेव्हा मी निगडीकडच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. तळवड्याच्या एका शेतकऱ्याने गोठ्याच्या पत्र्यावर डिश बसवून केबलचा धंदा सुरू केला होता. बघता बघता त्याची वायर आकुर्डीपर्यंत घराघरांत पोहोचली. आता एक मोठी कंपनी ते सगळं जाळं विकत घेणार होती. त्यांची माणसं ज्या आठवड्यात पाहणीला यायची होती, त्याच आठवड्यात भरदुपारी वायरी तुटू लागल्या. पाहणीत टीव्ही बंद दिसले असते, तर व्यवहार मोडलाच असता. जाळ्याचा मालक, तो शेतकरी, फिर्याद घेऊन ठाण्यात आला.

खबऱ्याने शेजारच्या केबलवाल्याचं नाव दिलं. त्याला ठाण्यात बसवून खोदून खोदून विचारलं. तो वैतागला.

"साहेब, मी भांडंन, पण वायर न्हाई तोडणार. उद्या माझीबी तोडतील की!"

मला ते पटलं. त्याला सोडलं आणि पंचनाम्याला स्वतः गेलो. तुटलेल्या प्रत्येक टोकाला काळी टेप गुंडाळलेली होती, आत पाणी जाऊ नये म्हणून. हवालदार हसले. मला हसू आलं नाही. दुश्मन एवढी काळजी कशाला घेईल?

दुसऱ्या दिवशी मालकाचे सगळे लाइनमन जबाबासाठी बोलावले. एकेकाच्या हातात वायरचा तुकडा आणि कटर दिला. म्हटलं, "कापा." प्रत्येकाने कापून टेबलावर ठेवला. सगळ्यांत जुन्या लाइनमनचा हात मात्र कापल्याबरोबर खिशात टेप शोधू लागला. माझ्याकडे बघताच त्याने कटर टेबलावर ठेवला.

"व्हय साहेब, मीच. नवी कंपनी तिची माणसं आणणार. आमी कुठं जायाचं?"

गुन्हा दाखल केला. कायद्यात सवलत नसते. जामीन राहायला मात्र खुद्द मालक आला.

"टेप मी पहिल्याच दिवशी बघितली हुती, साहेब. ती लावायला त्याला मीच शिकवलंय. पण त्याचं नाव तोंडातून निघंना."

मी भडकलो. "मग आम्हाला उगाच कशाला पळवलंत?"

त्याने विक्रीच्या कराराची प्रत पुढे केली. त्यात त्याने अट घालून घेतली होती, जुना एकही लाइनमन कमी करायचा नाही. खाली नावांची यादी होती. पहिलं नाव माझ्या आरोपीचं.

माणूस जबाब बदलतो, हाताची सवय बदलत नाही, हे त्या तपासाने मला शिकवलं. तो तपास माझा, याचा अभिमान आहेच. पण त्या दिवशी मी खुर्चीतून उठलो आणि मालकाला कडक सलाम ठोकला. अख्ख्या नोकरीत फिर्यादीला केलेला तो माझा एकमेव सलाम.